लेकुरवाळं झाड

झाडाला कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने ठोकून बघायचं, ही माझी पहिली शाळा. बाबा वनरक्षक होते. भरीव खोड टणकन वाजतं, पोकळ खोड भदभदतं. फ्रॉक घालायच्या वयात मी डोळे मिटून ओळखायची. पुढे मीही वनरक्षक झाले आणि तोडणीसाठी झाडं निवडताना बाबांचीच रीत वापरली. भद आवाज आला की साल तासायची, हातोड्याने शिक्का मारायचा आणि यादीत शेऱ्याच्या रकान्यात 'पोकळ' लिहायचं. असं झाड गेलं की भोवतीच्या सागाला ऊन मिळतं, असं बाबा सांगत. मला कधी शंका आली नाही.

आई गेल्यापासून बाबा मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. त्या उन्हाळ्यात मी त्यांना चार दिवस माझ्या क्वार्टरवर आणलं, नागपूरहून दीड तासावर. कानांनी कमी ऐकू येतं, पण जंगलात जायचा हट्ट तोच. दुपारभर कूलरसमोर कुरकुरले. ऊन उतरल्यावर मी त्यांना नाल्याकाठच्या म्हाताऱ्या ऐनाच्या झाडापाशी नेलं. आठवड्यापूर्वीच त्याच्यावर शिक्का मारला होता. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

बाबांनी खोड ठोकलं. ऐकू आलं नाही म्हणून तळहात टेकवला, मग गाल. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"काहून वं, आतून थरथरून राहिलं हे?"

ढोलीच्या फटीखाली बारीक काळ्या लेंड्या पडल्या होत्या. काडीने फोडल्या तर किड्यांच्या पंखांचा चुरा निघाला. मी मोबाइलचा उजेड क्षणभर आत टाकला. एकमेकींना खेटून बसलेली इवलीशी वटवाघळं होती, आणि बहुतेकींच्या पोटाशी उघडंवाघडं गुलाबी पिल्लू.

"बंद कर वं तो लाइट," बाबा म्हणाले. "लेकुरवाळ्या आहेत."

दिवेलागणीला त्या एकेक करून बाहेर पडल्या आणि सागाच्या शेंड्यांकडे गेल्या. सागाची पानं चाळण करणाऱ्या अळ्यांचे पतंग वटवाघळं खातात, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. कोवळ्या सागात ढोली नसते, हेही. परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. ज्या सागासाठी मी हे झाड पाडायला निघाले, त्याची राखण याच झाडातून होत होती, आणि शिक्का मारताना मला काही म्हणजे काही आठवलं नव्हतं. स्वतःचा भयंकर राग आला.

बाबा खाली बसले. "माह्या हातानं अशी किती पाडली असतील." त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

शिक्का बसला की झाड तोडणीला जातं. ते वाचवायचं तर माझी चूक झाली असं रेंजरसाहेबांना लेखी द्यावं लागणार होतं. नोकरीचं पहिलंच वर्ष. बाईमाणसाला जंगलातलं काय कळतं, हे आधीच कानावर येत होतं. रात्री अर्ज लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात तयार. ऑफिसात मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "साहेब, चूक हिची नाही. हिले मीनंच शिकवलं." उभ्या नोकरीत हा माणूस कुणासमोर चूक कबूल करून आला नव्हता. मी तरीही माझा अर्ज साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी स्वतः येऊन झाड पाहिलं आणि यादीतला तो क्रमांक कापला. "शेऱ्यात काय लिहू?" बाबांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी कानाशी जाऊन विचारलं.

"लेकुरवाळं लिहा."

साहेब हसले. त्यांनी 'वटवाघळांची वस्ती, राखून ठेवणे' असं लिहिलं. पण मजुरांपासून साहेबांपर्यंत सगळे आता त्याला लेकुरवाळंच म्हणतात.

तोडणी झाली. ऐन माझा शिक्का अंगावर घेऊन उभा आहे. बाबांचा रोज संध्याकाळी फोन येतो. पूर्वी म्हणायचे, रिकाम्या घरात बसून राहिलो. आता पहिला प्रश्न, "निघाल्या का वं?" मी झाडापाशी असो वा नसो, ओरडून सांगते, "निघाल्या, बाबा."

"आन् तू जेवली का?"

हे आधी आई विचारायची.