सिस्टरबायचं मागणं

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात भाजी निवडत होते. पलीकडे सखूमावशी, पोलादपूरच्या डोंगरवाडीतली आईची शेजारीण. "सिस्टरबाय गेल्या गो… तू ये," एवढंच म्हणाली. त्याला आता दीड महिना झाला. रडू यायला हवं होतं तेव्हा आलं नाही, आणि हल्ली बँकेत, रिक्षात, कुठेही येतं.

आई नगरकडची, मिशनची नर्स. बाबा वारल्यावर मिशनने तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जागा देऊ केली होती. ती नाकारून ती या वाडीत आली, कारण इथे बाळंतपणात बायका मरत होत्या. मला ठेवलं नगरच्या बोर्डिंगात. लोक याला त्याग म्हणतात. चर्चमध्ये तिच्या सत्काराची भाषणं झाली, तीही मी पहिल्या रांगेत बसून ऐकली. त्याग तिने केला हे खरं, पण मागे राहिले मी, हे काही कुणाच्या भाषणात आलं नाही. सुट्टीत वाडीत यावं तर आई कुणाच्या तरी घरी बाळंतिणीपाशी बसलेली, आणि मला भात वाढणार सखूमावशी.

पुढे वाडीतला मिशनचा छोटा दवाखाना बंद झाला, वाडीला रस्ता आला, बायका जीपने महाडला जाऊ लागल्या. आई तिथेच राहिली. इतक्या वर्षांत वाडीतलं एकही माणूस ख्रिस्ती झालं नाही. एकदा चिडून मी विचारलंच, "आई, मग मिळवलंस काय?" ती तांदूळ पाखडत होती. "तू झालीस का?" म्हणाली, आणि हसत सुटली. मी चर्चला जाणं केव्हाच सोडलं होतं. त्यावरून तिने मला कधी टोकलं नाही, आणि त्याचाही मला रागच यायचा.

दफनाच्या दिवशी खेडहून निघालेले चर्चचे पाळकसाहेब कशेडी घाटात दरड कोसळल्याने अडकले. त्या पावसात थांबणं शक्य नव्हतं. पुरुषांनी खड्डा खणला, पेटी उतरवली आणि सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. तिथे ख्रिस्ती म्हणावी अशी मी एकटी. "तुमच्यातला काय बोलायचा ता बोल गो," सखूमावशी म्हणाली. मी तोंड उघडलं… लहानपणी घोकलेली एकही ओळ आठवेना.

मग सखूमावशीच पुढे झाली. तिने डोक्यावर पदर घेतला. "देवा, हिला तू धर. माझं हात आता पुरं पडत नायत. हिची भीती काढ." मागच्या बायका एकदम म्हणाल्या, "आमेन." हे आईचं मागणं. अडलेल्या बाळंतिणीच्या उशाशी ती हे म्हणायची, आणि या सगळ्याजणींनी ते कळा सोसताना ऐकलेलं. मी बोर्डिंगात होते, मला ते ठाऊकच नव्हतं. "सुटली बाय," कुणीतरी म्हणालं. बाळंतीण मोकळी झाली की वाडीत असंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. "प्रार्थना कुणी केली?" त्यांनी विचारलं. मी सखूमावशीकडे बोट दाखवलं. ती आपल्या दारातल्या तुळशीला पाणी घालत होती. साहेब कबरीकडे वळले. ती प्रार्थना लागू झाली की नाही, मलाही कळत नाही. आईने वाडीतल्या या बायकांना नेमकं काय दिलं? मला द्यायचं राहिलं, की दिलं होतं आणि मीच…

गेल्या आठवड्यात दुपारी सखूमावशीचा फोन आला. नातसून महाडच्या दवाखान्यात अडली होती. "सिस्टरबायचा मागणा बोल."

"मावशी, तुला येतं की."

"माझा नको. तिची लेक तू हायस. थांब, पोरीच्या कानाला लावते."

माझा विश्वास नाही, हे कळा देणाऱ्या पोरीला कसं सांगायचं? मी भिंतीकडे बघत म्हटलं, देवा, हिला तू धर… पलीकडे नुसत्या धापा. मग बारीक आवाज आला, "परत बोला ना."

मी परत बोलले. कुणाकडे मागतेय ते तेव्हाही माहीत नव्हतं, पण या वेळी मला ते खरंच हवं होतं.