ढोलकाची डावी बाजू आणि माझा बास

आमच्या गायन पार्टीत बास गिटार हवा की नको, हा प्रश्न होळीनंतरच्या पहिल्याच तालमीत सर्वांसमोर निघाला. तो निघाला तेव्हा मी तिथेच बासची केबल गुंडाळत बसले होते. प्रश्न काढणाऱ्या बाई आमच्या मुख्य गायिका आणि पार्टीच्या प्रमुख. निवृत्त परिचारिका असल्यामुळे वाईट बातमी त्या शांत आवाजात आणि आडवळण न घेता देतात.

"पोरी, तू वाजवतं हे मले दिसते," त्या म्हणाल्या. "आयकू येत नाई. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमापर्यंत पाहू. नाईतर हा डाव्या हातानं बास काढते."

'हा' म्हणजे आमचा कीबोर्डवादक. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बहुतेक गायन पार्ट्यांत बाससाठी वेगळा माणूस नसतो. कीबोर्डवाला उजव्या हाताने सुरावट वाजवतो आणि डाव्या हाताने खालचे सूर उरकतो. आमचा कीबोर्डवादक सज्जन असल्यामुळे त्या क्षणी त्याने छताच्या पंख्याकडे बारकाईने पाहायला सुरुवात केली.

मी चंद्रपुरात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बास घेतला तो नागपुरात एम.एस्सी. करत असताना, जुना, एका सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून. पातळ तारेचे कंपन ऐकावे लागते, जाड तारेचे डोळ्यांना दिसते. त्या एका गोष्टीने मला त्या वाद्याकडे ओढले. तेव्हापासून माझी इच्छा एकच आणि स्पष्ट होती. दोन्ही जिल्ह्यांत कोणत्याही पार्टीला बास हवा असेल, तर पहिला फोन मला यावा. आता माझ्याच पार्टीतली माझी जागा एका मोकळ्या डाव्या हाताला मिळणार होती, आणि हातात दोन महिनेही नव्हते.

पहिल्या आठवड्यात मी जे केले ते माझ्या विद्यार्थ्याने केले असते, तर मी त्याचा प्रयोग नापास केला असता. एका वेळी एकच चल बदलावे, हे मी वर्गात इतक्या वेळा सांगते की मुले ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतात. घरी मात्र मी सोमवारी तारा बदलल्या, बुधवारी मित्राकडून मोठा अॅम्प्लिफायर आणला, आणि त्याच आठवड्यात बोटांऐवजी प्लास्टिकच्या नखीने वाजवायला लागले. शनिवारच्या तालमीत आवाज पूर्वीपेक्षा वाईट झाला, आणि तो यांपैकी कशामुळे, हे सांगण्याचे कोणतेही साधन माझ्याकडे उरले नाही.

मग मी सगळे पूर्ववत केले आणि वही काढली. रोज पहाटे कॉलेजआधी एक तास, रोज एकच बदल, रोज फोनवर ध्वनिमुद्रण. नखी रद्द झाली. तार खेचण्याची जागा घोडीकडे, म्हणजे खालच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीकडे, दोन बोटे सरकवल्यावर आवाजाला धार आली, म्हणून ती जागा कायम केली. जोर लावून वाजवण्याची माझी सवय निरुपयोगी ठरली. जोराने तार पडद्यांवर आपटे आणि सूर उमलण्याआधीच खडखड होई. पडदे म्हणजे बासच्या दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, ज्या प्रत्येक सुराची जागा ठरवून देतात. दहा-बारा दिवसांत माझा एकटीचा आवाज निर्विवाद सुधारला. तालमीत गेल्यावर तो पुन्हा नाहीसा झाला.

तेव्हा पहिल्यांदा मी माझ्याऐवजी संपूर्ण पार्टीचे ध्वनिमुद्रण तपासले. फोनवरच्या साध्या अॅपमध्ये ध्वनीचा आलेख निघतो. त्यात दिसले की माझ्या खालच्या दोन तारांचे जवळजवळ सगळे सूर आणि ढोलकाच्या डाव्या पुडीचा घुमारा वारंवारतेच्या एकाच पट्ट्यात, एकाच क्षणी उभे आहेत. दोन आवाज एकमेकांना झाकत होते, आणि ढोलक मोठा असल्यामुळे झाकली जात होते मी.

आमचे ढोलकवादक पोंभुर्ण्याचे. पन्नाशी ओलांडलेले, धानाची शेती, आणि वयाच्या नवव्या वर्षापासून ढोलक. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मी पुढच्या रविवारी एसटीने पोंभुर्ण्याला गेले आणि छापून आणलेला आलेख त्यांच्या अंगणातल्या खाटेवर उलगडला. भाऊंनी तो आधी उलटा आणि मग सुलटा धरला.

"हे काय होय, मास्तरीणबाई?"

"तुमचा डावा हात आणि माझा बास, भाऊ. दोघं एकाच जागी उभे आहेत."

"हे तं मले दिवाळीपासून मालूम आहे. तू माह्या डाव्या हातावर बसून राह्यली."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलं काऊन नाई?" त्यांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला. "मले वाटलं, एवढी शिकली पोरगी, तिले दिसतच असन."

त्या दिवशी त्यांनी मला बास पिशवीतून काढू दिला नाही. "हात खाली ठेव आन् आयक," म्हणाले. दोन तास मी फक्त डावा हात ऐकला. पुढचा रविवारही तसाच गेला. माझा सराव तोवर मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक अंतराने टिकटिक करणाऱ्या अॅपवर, होत असे आणि माझ्या अचूकतेचा मला अभिमान होता. भाऊंचा ठेका मेट्रोनोमशी जुळत नव्हता. गाणारी व्यक्ती ओळ किती ताणते त्यावर तो किंचित थांबे, किंचित पुढे जाई, आणि समेवर बरोबर येई. माझी अचूकता एका अशा घड्याळाशी होती जे आमच्या पार्टीत कोणीच ऐकत नव्हते. मी फोनमधून मेट्रोनोम काढून टाकला आणि त्या जागी भाऊंच्या डाव्या हाताची ध्वनिमुद्रणे भरली. पहाटेचा तास आता त्यांच्यासोबत जाऊ लागला. जिथे त्यांचा हात पडतो तिथे मी गप्प राही आणि तो उठला की माझा सूर सोडी. निम्म्याहून अधिक सूर मी गाळले, आणि उरलेले ऐकू येऊ लागले. कीबोर्डवादकाने तालमीत प्रथमच माझ्याकडे वळून पाहिले.

तरीही एक अडचण उरली. भाऊ डाव्या तळहाताची टाच पुडीवर दाबून पुढे घासतात, तेव्हा ढोलकातून खालून वर चढत जाणारा एक आवाज निघतो. त्याला घिस्सा म्हणतात. गाण्याचा मुखडा परत येतो तिथे तो घिस्सा असतोच, आणि ऐकणाऱ्यांच्या माना तिथेच हलतात. त्या ठिकाणी गप्प राहिले तर बास पोकळ वाटे, आणि वाजवले तर माझा सूर पायऱ्या चढल्यासारखा तुटक जाई, कारण मधे पडदे होते. घिश्शाला पायऱ्या नसतात.

कार्यक्रमाला तीन आठवडे उरले असताना मी बासचे पडदे उपटायचे ठरवले. याला परतीची वाट नव्हती, त्यामुळे हे ठरवायला मला पूर्ण एक दिवस लागला. सोल्डरिंग आयर्नच्या गरम टोकाने प्रत्येक पडदा तापवायचा, मग बारीक पकडीने हळूहळू उचलायचा. घाई केली की लाकडाची कपची सोबत निघते. दोन ठिकाणी निघालीच. उरलेल्या खाचांत बसवायला आमच्या गल्लीतल्या सुताराने सागवानाच्या कागदाइतक्या पातळ पट्ट्या काढून दिल्या. काम संपल्यावर तो म्हणाला, "चांगलं वाद्य होतं, बाई."

खाचा भरल्या, दांडी घासली, पॉलिशचे हात दिले, तिला ओरखडे पडू नयेत म्हणून सपाट गुंडाळीच्या तारा चढवल्या, आणि पहिला सूर लावला तेव्हा सुताराचे म्हणणे मला पटले. सगळे बेसूर होते. बाईंनी तालमीत दोन ओळी गाऊन थांबून विचारले, "हे काय करून ठेवलं?" मी म्हटले, पौर्णिमेपर्यंतची मुदत तुम्हीच दिली आहे. त्या कीबोर्डवादकाकडे वळून म्हणाल्या, "तू आपला डावा हात तयार ठेव."

घरी मी एकेक सूर मोजला, आणि मोजता मोजता मला हसू यायला लागले. सगळे सूर एकाच दिशेने चुकत होते, प्रत्येक सूर किंचित उतरलेला. विस्कळीत चुकीचे कारण शोधत माणूस महिने घालवतो. एकाच दिशेला जाणारी चूक स्वतःचे कारण सांगते. पडदे असताना बोट पडद्याच्या जरा मागे ठेवायचे असते. माझी बोटे इतक्या वर्षांच्या सवयीने सागवानी रेषेच्या मागेच पडत होती, आणि आता तिथे धातू नसल्यामुळे तार तेवढी लांब राहत होती. बोट रेषेवर यायला हवे होते. करंगळीच्या नखाएवढे अंतर. ते बदलायला मला अठरा पहाटा लागल्या. कीबोर्डवादकाने स्वतःहून अर्धा तास 'सा' धरून ठेवलेली एक फाईल पाठवली. ज्याला माझी जागा मिळणार होती, त्यानेच ती पाठवावी, हे मी विसरणार नाही.

बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम गडचिरोलीत होता, वैशाखातल्या उन्हामुळे सकाळी सातला. विहारासमोरच्या मंडपात पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे दाटीने बसले होते. उकाड्याने तारा उतरतात, म्हणून मी प्रत्येक गाण्याआधी सूर तपासत होते. कीबोर्डवादकाचा डावा हात, सांगितल्याप्रमाणे, खालच्या पट्ट्यांवर टेकलेला होता; माझा सूर डगमगला की तो ते काम उचलणार होता.

पहिले गाणे संथ होते. मी मोजके सूर वाजवले आणि सगळे रेषेवर पडले. दुसऱ्या गाण्यात मुखडा परत येत असताना भाऊंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिले आणि घिस्सा सुरू केला. मी त्यांच्या तळहातासोबत बोट सरकवले. दोन आवाज एकाच चढावरून वर गेले आणि समेवर एकत्र थांबले. मला तो आवाज ऐकू येण्याआधी मंचाच्या फळीतून तळपायांत जाणवला. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजींनी मांडीवर थाप मारली, ती नेमकी समेवर.

पुढच्या मुखड्याला तेच पुन्हा झाले, आणि त्याच्या पुढच्यालाही. तिसऱ्या गाण्यात मी उजवीकडे पाहिले, तर कीबोर्डवादक डाव्या हाताने गळ्यातल्या दुपट्ट्याने घाम पुसत होता. तो हात त्याने नंतर कीबोर्डवर ठेवलाच नाही.

शेवटच्या गाण्यात बाईंनी जे केले ते तालमीत कधी झाले नव्हते. अंतरा संपल्यावर त्यांनी तळहात खाली दाबून सगळ्यांना थांबवले आणि भाऊंकडे व माझ्याकडे बोट दाखवले. कीबोर्ड थांबला, कोरस थांबला. मंडपात फक्त ढोलक आणि बास उरले. भाऊंनी पहिल्या आवर्तनात साधा ठेका दिला, दुसऱ्यात मला रिकाम्या जागा दिल्या, तिसऱ्यात त्यांनी मुद्दाम एक घिस्सा अर्ध्यावर सोडला. तो मी पूर्ण केला. चौथ्या आवर्तनाला लोक टाळ्यांनी ठेका धरू लागले. बाईंनी मुखडा उचलायची जागा दोनदा येऊ दिली आणि दोनदा जाऊ दिली. तिसऱ्यांदा त्या गायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज मी पूर्वी ऐकलेल्यापेक्षा मोकळा होता, आणि माझा प्रत्येक सूर त्याच्या खाली भक्कम उभा होता.

कार्यक्रमानंतर आलूभात खात असताना बाईंना एटापल्लीहून पुढच्या कार्यक्रमाच्या आयोजकाचा फोन आला. मंचावर किती जणांची व्यवस्था करायची, असे तो विचारत असावा. "वाजवणारे तीन," बाई म्हणाल्या. "ढोलक, कीबोर्ड आन् बास. हो, बास येगळा. आमची पोरगी वाजवते." फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "आयकू आलं आज." एवढेच. मग त्यांनी माझ्या पत्रावळीवर न विचारता आणखी भात वाढला.

परतीच्या गाडीत भाऊ माझ्या शेजारी बसले होते, ढोलक मांडीवर. गडचिरोली मागे पडली. मग एकाएकी त्यांनी डाव्या पुडीवर बोट आपटले आणि कान लावला.

"चाळीस वर्षं झाले, मी हे पुडी माह्या अंदाजानं कसतो," ते म्हणाले. "पन आज मले वाटून राह्यलं का थोडी खाली पायजे. तुह्या बासच्या कोनत्या सुरात कसू?"

"मोजून सांगावं लागेल, भाऊ."

"मंग रविवारी येजो पोंभुर्ण्याले."

रविवारला चार दिवस होते. मी ड्रायव्हरला गाणी बंद करायला सांगितली, बासच्या पिशवीची चेन उघडली, आणि भाऊंनी ढोलकाच्या दोऱ्यांच्या कड्या सैल करायला घेतल्या.