छातीवरचा गिअरबॉक्स

आमच्या जुन्या पिकअपचा तिसरा गिअर टाकला की मिनिटभरात उडून न्यूट्रलला यायचा. बाबा एका हाताने गिअरचा दांडा दाबून धरत आणि बर्फाच्या लाद्या परळहून दादरच्या मासळीबाजारात पोचवत. शेवटी त्यांनी गाडीला वडाळ्याचं एक गिऱ्हाईक आणलं. मी वरवर वाईट वाटल्याचं दाखवलं. कपाटात माझ्या शर्टांखाली नाशिकच्या एका कारखान्याचं नेमणूकपत्र पडलं होतं. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं आणि घरात कुणाला सांगायची माझी छाती होत नव्हती. गाडी विकली गेली की सांगणं सोपं होणार होतं.

पण गिऱ्हाईक टायरला लाथ मारून म्हणालं, "भंगार आहे." माझं टाळकंच सटकलं. "भंगार कुणाला म्हणता? हिला पाच गिअरचा बॉक्स बसतो. मी बसवतो!" आयटीआयमध्ये शिकलेलं सगळं त्याला ऐकवलं. तो निघून गेला. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि दुसऱ्याच दिवशी कुर्ल्याहून सेकंडहँड बॉक्स घेऊन आले. परळ ते दादर पाचवा गिअर टाकायला रस्ता तरी कुठे आहे? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठवडाभर चाळीमागच्या गल्लीत काम चाललं. नवा बॉक्स लांब, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आणला. रविवारी दुपारी गाडी विटांवर चढवली, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सवर मी खाली आडवा झालो. आमच्याकडे जॅक एकच, तो इंजिनाला टेकू म्हणून लावलेला. बॉक्स छातीवर घेऊन हातांनी वर रेटायचा. त्याचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये अर्धा शिरला की धरणाऱ्याने हलायचं नाही; सोडला तर प्लेट वाकते. मागून दुसऱ्याने बॉक्सच्या मागच्या टोकाचा शाफ्ट हळूहळू फिरवायचा, दाते जुळेपर्यंत.

मागे बाबा होते. मला फक्त त्यांचे हात दिसत होते.

"बाबा, उद्या मला नाशिकला जायचंय," मी म्हणालो. उठून पळता येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक बोलू शकलो.

हात थांबले. "ठाऊक आहे. पत्र वाचलं मी."

"कधी?"

"गिऱ्हाईक आणलं त्याच्या आधी. माझा गुडघा क्लच दाबत नाही रे आता. तू जाणार, मग चालवणार कोण? म्हणून तर विकायला काढली." त्यांनी पुन्हा शाफ्ट फिरवला. "तू त्या माणसाला हाकललंस. मला वाटलं, माझ्या झिलाने ठरवलं. राहतोय."

त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला रडू आलं, आणि स्वतःचा भयंकर रागही आला. मला मोकळं करायला निघालेल्या माणसाला मीच अडवलं होतं.

दाते जुळले. बॉक्स खट्‌कन आत गेला.

"राहतोयस ना?" बाबांनी वाकून विचारलं.

दोन्ही हात वर, तोंडावर ऑइल. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"बोल्ट द्या," मी म्हणालो.

त्यांनी एकेक बोल्ट लुंगीला पुसून माझ्या हातात ठेवला, आणि मी एकेक आवळत गेलो. सोमवारी पहाटे मी बर्फ भरायला गेलो. अजूनही जातो.