क्रोएशियातलं ‘आमचं’ घर

मुलगा क्रोएशियातल्या एका समुद्रकाठच्या जुन्या शहरात नोकरीला, मी दोह्यात. फोनवर महिनोन्‌महिने बोलून झालं होतं, मला आवडलाही होता. पण बाबांचं म्हणणं, बघण्याचा कार्यक्रम झाल्याशिवाय पुढची बोलणी नाहीत. आणि कार्यक्रम व्हायचा तो मुलीच्याच घरी.

"मग त्याला बोलवा की इथं दोह्याजवळ, माझ्या अल वक्र्याच्या घरी!" मी म्हटलं. आई-बाबा तेव्हा कराडहून माझ्याकडे राहायला आले होते.

"त्याला सध्या रजा नाही," म्हणत बाबांनी तोड काढली. त्याच्याच गावात, त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, चार दिवसांसाठी एक फ्लॅट घेतला. मार्चमध्ये तिथं हंगाम नसतो, चटकन मिळाला. म्हणजे आम्ही विमानानं मुलाच्या गावी जायचं आणि मुलानं चालत ‘आमच्या घरी’ यायचं. रीत सांभाळली. कपाळ माझं!

निघताना आईनं बजावलं, "तिथं नोकरीचं काढू नकोस हं. लग्नानंतर कोण कुठं राहणार ते मागाहून बघू." मला तर तेवढंच विचारायचं होतं. दोह्यातली नोकरी मी माझ्या हिमतीवर मिळवली होती, नुकती बढतीही झाली होती. ती सोडून तिथं काय करू, तटबंदीवर बसून लाटा बघू?

गाव देखणं, पण सगळं बंद. हॉटेलांच्या खुर्च्या एकमेकींवर चढवून साखळीनं बांधलेल्या. गल्लीत आम्ही तिघं आणि मांजरं. आईनं दाराला प्लॅस्टिकचं तोरण लावलं, बाबांनी घरमालकाच्या आजोबांचा फोटो पुसून नीट सरळ केला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि त्याची आई आले. घर चार दिवसांच्या भाड्याचं आहे हे पाचही जणांना ठाऊक. तरी बाईंनी सवयीनं विचारलं, "छान आहे हो घर. किती वर्षं झाली इथं?"

"कालच आलो," बाबा म्हणाले आणि घर दाखवायला उठले. "हे बाथरूम," म्हणून दार उघडलं तर आतून दोन झाडू आणि समुद्रावरची गुंडाळलेली छत्री त्यांच्या अंगावर आली. "सामान जास्त झालंय," ते म्हणाले. बाईंनीही मान डोलावली, "आमच्याकडेही तेच."

पोहे मी केले. कोथिंबीर समजून बाजारातून आणलेली जुडी भलतीच निघाली, चवीला नुसतं गवत. सगळ्यांनी "वा, वा" करत खाल्ले. मुलानं हळूच पानं काढून बशीच्या कडेला ठेवली, ते मला आवडलं.

मग मी विचारलंच. "लग्नानंतर तू दोह्याला येशील का? माझी नोकरी तिथं आहे."

तो उत्तर द्यायच्या आत त्याची आई हसून म्हणाली, "अगं, मुलीनंच जायचं असतं ना?"

बाबा घाईघाईनं म्हणाले, "हो हो, ती येईल की! नोकरी काय, इथंही मिळेल." मी इतकी चिडले की हातातला चमचा बशीवर आपटला.

"थांबा," आई म्हणाली. मला वाटलं, आता माझी हजेरी घेणार. पण ती बाबांकडे बघतही नव्हती. "तुम्ही नाही, तो सांगेल. माझी शाळेतली नोकरी सुटली तेव्हा कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. हिनं विचारलंय ना? मग उत्तर मिळू दे."

मुलगा गोरामोरा झाला. आधी स्वतःच्या आईकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मी येतो. आधी रजा काढून बघून जातो, मग ठरवू." मी खूश होते, उगाच कशाला लपवू!

परतीच्या विमानात, दोहा जवळ आल्यावर बाबा आईला म्हणाले, "माझी बदली झाली तेव्हा... शाळेत तू काय शिकवायचीस गं?"

त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली होती.

"गणित," आई म्हणाली, आणि पट्टा लावून डोळे मिटून बसली.