हरिसिंगचं रानडुक्कर

राळेगावच्या रस्त्यावर बंजारा तांड्याचा फाटा लागतो, तिथं माझं पंक्चरचं दुकान आहे. तांड्यातली कोणती गाडी लंगडते आणि कोणता माणूस, हे मला इतरांच्या आधी कळतं. हरिसिंग राठोडची गाडी ठणठणीत होती.

वय पन्नाशीचं, मिशी भरघोस, आणि आपल्याइतकी मोटारसायकल जिल्ह्यात कोणाला येत नाही अशी ठाम समजूत. जोडीदार नेमसिंग. गाड्या दोन, पण बाजाराला जायचे ते शेजारी शेजारी, गप्पा मारत, अख्खा रस्ता अडवून. मागून एसटीवाल्यानं हॉर्न वाजवून जीव काढला तरी गोष्ट संपेपर्यंत त्याला वाट मिळत नसे.

नेमसिंगची एक खोड होती. गाडी पुरती बंद पडल्याशिवाय तो पेट्रोल टाकत नसे. मग हरिसिंग आपल्या चालत्या गाडीवरून पाय लांबवायचा, नेमसिंगच्या मागच्या पायदानावर टेकवायचा आणि ढकलत त्याला पंपापर्यंत न्यायचा. आमच्याकडे हे सगळेच करतात, पण हरिसिंगला त्याचा गर्व होता.

मार्चमध्ये असंच ढकलताना त्याचा फोन वाजला. साडूचा होता, मग न उचलून कसं चालेल? एक हात कानाला, एक हँडलला, पाय नेमसिंगच्या गाडीवर. पाय तिरपा बसला आणि नेमसिंग गाडीसकट नालीत गेला. मांडीचं हाड मोडलं.

तांड्यात मात्र बातमी आली ती रानडुक्कर आडवं आल्याची. दवाखान्यात नेमसिंगनंच तसं सांगितलं, आणि हरिसिंगनं ते डुक्कर पाळायलाच घेतलं. पहिल्या आठवड्यात ते नुसतं डुक्कर होतं, दुसऱ्यात त्याला सुळे फुटले, महिनाभरात हरिसिंगनं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवलेला होता. नेमसिंगची गाडी दुरुस्तीला माझ्याकडे आली. डुकराचा एक केस तिच्यावर नव्हता. मागचं पायदान तेवढं वाकलेलं आणि त्यावर चपलेच्या रबराचा काळा पट्टा. मी हातोडीनं ते सरळ केलं आणि गप्प बसलो. गिऱ्हाइकं दोन्ही माझीच.

त्या अपघातापासून हरिसिंगनं गाडी चालवली नाही. एसटीत उभं राहून जायचा. गाडी डावीकडे ओढते म्हणून तीनदा तपासून घेतली. ती कुठंच ओढत नव्हती. मग गाडीला लिंबू-मिरची बांधली, काळी बाहुली टांगली, तांड्याच्या देवळात सेवालाल महाराजांपुढे तिच्या नावानं भोग लावला. गाडीची एवढी मनधरणी करणारा हा माणूस सहा घरं टाकून राहणाऱ्या नेमसिंगकडे एकदाही गेला नाही. ते दार टाळायला तांड्याला मागून वळसा घालायचा. तो भ्याला होता आणि मला त्याची चीड येत होती.

जुलैत नेमसिंगला डॉक्टरनं यवतमाळला दाखवायला बोलावलं. पाय जुळला होता, काठी घेऊन तो चालत होता. त्याची बायको सोनीबाई हरिसिंगच्या दारात आली आणि म्हणाली, जाईन तर हरिसिंगच्याच गाडीवर, असं नवऱ्यानं धरून ठेवलंय. हरिसिंग एसटीचं वेळापत्रक सांगू लागला. त्याच्या बायकोनं, मोतीबाईनं, किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि मला फाट्यावर निरोप धाडून माझ्या गाडीनं मागून जायला सांगितलं.

निघण्याआधी त्यानं दोन्ही चाकांची हवा चारदा पाहायला लावली. आजचा वार कसा आहे हेही मलाच विचारलं. मी म्हटलं, मी पंक्चर काढतो, पंचांग नाही पाहत.

निघाले एकदाचे. काटा वीसच्या वर जाईना. एक म्हातारा सायकलवरून आम्हाला मागं टाकून गेला आणि कितीतरी वेळ वळून वळून पाहत राहिला. मी मागं मनसोक्त हसत होतो.

त्या नालीजवळ हरिसिंगनं गाडी थांबवली. दोन्ही पाय जमिनीला टेकले, मान पुढंच. दोघं त्यांच्या गोरबोलीत बोलले, पण वीस वर्षं त्यांच्या गाड्या दुरुस्त करून तेवढी मला समजते; आमच्या वऱ्हाडीत सांगतो.

"डुक्कर नव्हतं," हरिसिंग म्हणाला. "मी फोन उचलला. मीच पाडलं तुले."

"मले माहीत हाये," नेमसिंग म्हणाला. "डुक्कर म्याच आणलं ना. तुले माह्या घरी याले लाज वाटू नये म्हनून. पाय त दोन महिन्यात जुळला, हरिसिंग. बाकीचे दिवस दाराकडं पाहून राह्यलतो."

हरिसिंग हँडलवर डोकं टेकवून रडला, मिशीसकट. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. नेमसिंगनं थोडा वेळ त्याला रडू दिलं, मग पाठीवर काठी टोचून म्हणाला, "चाल आता. डॉक्टर जेवाले जाईन."