प्रश्न विचारून गप्प राहण्याची तालीम

बी.एड.च्या मुलामुलींना जीवशास्त्र कसं शिकवावं, हे मी सोलापुरात बरीच वर्षं शिकवतो आहे. त्यामुळे घरात कुणीही कुणालाही काहीही विचारलं, तरी उत्तर मी देतो. फ्रीजमध्ये दूध आहे का, असं बायकोनं मुलाला विचारलं तरी मीच. बायको याला खोड म्हणते, मी कौशल्य म्हणतो.

गेल्या वर्षी मोडनिंबची माझी भाची आमच्याच कॉलेजात आली आणि आमच्याच घरी राहिली. घरात मामा, कॉलेजात सर, म्हणजे पोरीचं सोनं होणार, असं ताईला वाटलं. मला तर खात्रीच होती.

शाळेत पाठवण्याआधी आमच्याकडे कॉलेजातच छोटे सराव पाठ होतात. एकानं शिकवायचं आणि बाकीच्या भावी शिक्षकांनी नववीची मुलं व्हायचं. ही मुलं फारच गुणी, कारण सगळी बीएस्सी झालेली. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर, तेही व्याख्येसकट. भाचीला तिथं शाबासक्याच मिळाल्या.

मग खरी नववी समोर आली. भाचीनं विचारलं, "मुळं एवढं पाणी ओढतात, ते शेवटी जातं कुठं?" वर्ग गप्प. तिनंच ते पाणी पळवलंय अशा नजरेनं सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिनं घाबरून उत्तर स्वतःच दिलं. पुढचा प्रश्न, तीच शांतता, पुन्हा तिचंच उत्तर. निम्म्या वेळात पाठ संपला आणि उरलेला वेळ तिनं फळा पुसला. फळ्यावर काही फारसं नव्हतंही.

घरी आल्यावर म्हणाली, "मामा, गुरुवारी आणि एक पाठ घेते. तोबी असाच गेला तर मी घरला चालले. शिकवणं माजं काम न्हाय."

"अगं, पोरं जरा गप्प बसली म्हणून..."

"ती गप्प बसली की लई भ्या वाटतं, मामा. मग मीच बोलत सुटते."

रोग मला तत्काळ कळला. आम्ही तिला बोलायला शिकवलं होतं, थांबायला नाही. संध्याकाळी हॉलमध्ये तालीम लावली. बायको, मुलगा आणि मी, अशी नववी. भाचीनं प्रश्न विचारला आणि मी म्हणालो, "पानांच्या छिद्रांतून, वाफ होऊन."

"अहो, तुम्ही नववीत आहात," बायको म्हणाली.

"मग?"

"नववीत एवढे हुशार होतात? सासूबाईंनी मला वेगळंच सांगितलंय."

मला लसूण सोलायला स्वयंपाकघरात धाडलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी तिथूनच ओरडून दिलं.

औषध शेवटी बायकोला सापडलं. तिनं कडक भाकरीचा डबा आणला आणि भाचीपुढे ठेवला. "प्रश्न विचारायचा, तुकडा तोंडात टाकायचा, आणि तो चावून होईपर्यंत बोलायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्हीपण घ्या. मोठा घ्या."

बुधवारपर्यंत दोघांचेही जबडे दुखत होते.

गुरुवारी भाचीचे गुण मामानं देऊ नयेत म्हणून निरीक्षणाला आमच्या सहकारी बाई बसल्या. मी नुसताच शेवटच्या बाकावर, गुडघे कसेबसे आत कोंबून. भाचीनं आदल्या दिवशी शाळेतल्या कडुनिंबाच्या फांदीला पारदर्शक पिशवी बांधली होती. ती फांदी पिशवीसकट तोडून तिनं वर्गात आणली. आत थेंबच थेंब.

"बांधली तेव्हा पिशवी कोरडी होती. हे पाणी आलं कुठून?"

शांतता. भाची उभी. तोंडात काही नसताना तिचा जबडा हळूहळू हलत होता. बाईंनी घड्याळ पाहिलं. कुणीतरी खोकलं. मी बाक घट्ट धरला, पण विद्या उसळतेच. "पाना..."

"मागचा बाक," भाची आवाज न चढवता म्हणाली, "हात वर करून बोलायचं. आणि तुम्हाला मी शेवटी विचारणार."

वर्ग खो खो हसला. मी हात वर केला.

हसण्यानं पोरं सैल झाली. खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "बाई, पिशवीला भोक आसंल. दव आत गेलं आसंल."

इथं नवा शिक्षक हमखास 'चूक' म्हणतो आणि बरोबर उत्तर देऊन मोकळा होतो. भाची म्हणाली, "असेल. मग ते तपासायचं कसं?"

पुन्हा शांतता. या वेळी ती टेबलाला टेकून आरामात उभी राहिली. जबडाही हलत नव्हता.

"दोन पिशव्या बांधू की, बाई!" तीच मुलगी उठून उभी राहिली. "एक पानांवर, आन एक पानं काढून नुसत्या काडीवर. दोन्हीत सारकंच पाणी आलं तर दवच!"

हे भाचीच्या टाचणात नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

"चला बाहेर," भाची म्हणाली. "आज बांधू. उद्या मी आले की सोडून बघू."

उद्याचा तास तिला दिलेलाच नव्हता. तिनं निरीक्षक बाईंकडे पाहिलं, बाईंनी होकारार्थी मान डोलावली, आणि अख्खी नववी तिच्यामागे कडुनिंबाकडे पळाली.

बाई कागद आवरता आवरता माझ्याजवळ थांबल्या. "सर, हात खाली घ्या आता."

"थांबा हो," मी म्हणालो, "मला अजून विचारलेलं नाही."