याऊ काकाच्या वाटीतली मांडी

याऊ काकाने गोऱ्या पोरीला चिमटा काढला म्हणून वान हिंग चहाघरातून त्याला हाकललं, अशी कुजबुज हाँगकाँगमधल्या शाम शुई पोच्या भाजीबाजारात बरेच दिवस चालू होती. कोणी म्हणे दंडाला, कोणी म्हणे त्याहून खाली. बदकं विकणाऱ्या बाईने तर पोरीची किंकाळीसुद्धा ऐकली होती, आणि ती राहायची पार खाडीपलीकडे.

याऊ काका वान हिंगचा सगळ्यात जुना वेटर. महायुद्ध संपलं त्या साली आताचा मालक फुंग शेठ, त्याच्या बापाने त्याला ठेवून घेतलं. ना बायको, ना पोर. झोपायला भटारखान्यावरचा माळा. म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं. जीभ मात्र अशी की गिऱ्हाइकं चहाइतकीच त्याच्या शिव्यांसाठी यायची.

मराइके हॉलंडहून आलेली. युनिव्हर्सिटीत चिनी शिकायची आणि चहाघराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. पहिल्याच दिवशी तिने जेवता जेवता हातातल्या जेवायच्या काड्या भातात उभ्या खोचल्या आणि रुमाल शोधू लागली.

"कोण गेलं गं तुझ्या घरचं?" काका भरल्या चहाघरात ओरडला.

"कोणी नाही."

"मग भातात उदबत्त्या कशाला रोवल्यास? उपट!"

सगळे खो खो हसले. पोर लाल झाली, पण दुसऱ्या दिवशी परत आली. मग काकाला खेळणंच मिळालं. तिने मासा उलटवला, तर म्हणाला, "उलटव, उलटव. होड्या उलटून बंदरातल्या कोळणी विधवा झाल्या की तुझ्याच दारात आणून बसवतो." तिने चहासाठी हाक मारली, तर म्हणाला, "घसा काय फोडतेस? किटलीचं झाकण तिरकं ठेव, मी आंधळा नाही." चहा ओतल्यावर टेबलावर बोटांनी टकटक करून आभार मानायला तिला शिकवलं, तेही बोटांवर काडी हाणून. पोर चिकट. सगळं शिकली. काका तिला गिऱ्हाइकांपुढे मिरवायचा, "बघा, गोरं भूत होतं, माझ्या हाताखाली माणसात आलं."

आणि एक गोष्ट त्याने तिच्याकडून घोटून घेतली. वडीलधाऱ्याने 'त्याला वाढ' म्हटलं की का म्हणून विचारायचं नाही. वाढायच्या काड्या घ्यायच्या, ताटातला उत्तम तुकडा उचलायचा आणि हसून वाढायचा.

शिकवली नाही ती एकच गोष्ट. वर्षाअखेरीला शेठ नोकरांना जेवण घालतो, मध्ये उकडलेली कोंबडी असते. शेठ तोंडाने काही बोलत नाही. ज्याच्या वाटीत कोंबडीचा पहिला तुकडा पडेल, त्याने नव्या वर्षात तोंड दाखवायचं नाही. पगारावर जगणारा माणूस बाराव्या महिन्यात त्या कोंबडीचं नावही काढत नाही. मग पोरीला कोण सांगणार?

त्या वर्षी समोरच्या गल्लीत एसीवालं चहाघर निघालं, गिऱ्हाईक तिकडे वळलं. वान हिंगमधून एकजण जाणार हे भांडी घासणाऱ्यालाही ठाऊक होतं. काकाची खात्री होती की वाफेवर उकडलेल्या खाण्याच्या टोपल्यांची गाडी ढकलणारी लान आक्काच जाणार.

"आक्का, यंदा पोटभर जेव हं. कोंबडी तुझ्याचकडे बघतेय."

"माझे गुडघे शाबूत आहेत, म्हाताऱ्या. तू जिना चढतोस तेव्हा धापा कोण टाकतं, मी?"

काका हसला. फुंग शेठला लहानपणी त्याने खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं. अजून चारचौघांत तो शेठला 'जाड्या' म्हणायचा. जाड्या आपल्याला काढेल?

जाड्यालाही तीच अडचण होती. बापाच्या वेळचा माणूस स्वतःच्या हाताने काढला, तर जुनी गिऱ्हाइकं तोंडावर थुंकली असती. म्हणून त्याने वरच्या भाडेकरणीला जेवायला बोलावलं आणि आपल्या नि काकाच्या मध्ये बसवलं.

बदक संपलं, मासा संपला. कोंबडीला कोणाचा हात लागेना. सगळ्यांचे डोळे शेठच्या काड्यांवर. शेठने काड्या खाली ठेवल्या आणि मराइकेच्या कानाशी वाकला. "तुझ्या गुरूला मांडी वाढ की. बिचाऱ्याला कोणी विचारतसुद्धा नाही."

तिने का म्हणून विचारलं नाही. उत्तम तुकडा उचलला, हसली. "काका, घ्या."

मग लान आक्काने श्वास सोडला आणि एक पंख ओढला. तिच्यामागून सगळे तुटून पडले. कोपरापर्यंत तेल ओघळलं तरी कोणाला भान नव्हतं.

"अरेरे," शेठ म्हणाला. "परकी पोर, तिला काय कळतंय? पण वाढलेलं परत काढणं अशुभ. हो ना, काका?"

काकाने मांडी खाल्ली. हाड स्वच्छ केलं. "मीठ कमी आहे, जाड्या," म्हणाला. कोणी हसलं नाही.

सकाळी तो माळ्यावर वळकटी बांधत होता, तेव्हा मराइके आली. "काका, माझं काही चुकलं का?"

"वाढायला कोणी सांगितलं?"

"शेठनी."

काकाने वळकटीची गाठ आवळली. जाड्यानेच काढलं हे खरं सांगितलं असतं तर पोर सुटली असती, पण ते त्याच्या तोंडून निघेना. "वाढलंस अगदी बरोबर," तो म्हणाला. "पण आमच्यात असं वाढलं की माणूस जातो. माझी नोकरी तू खाल्लीस." ती रडायला लागली. तिला तशीच ठेवून तो जिना उतरला.

दुसऱ्या चहाघरांतून त्याला विचारत, "इतकी वर्षं होतास, मग काढलं का?" काका विषय बदलायचा, आणि ते त्याच्या थकलेल्या पायांकडे बघत. एकदा बदकवालीने डोळा मारून गंमत केली, "पोरीला चिमटाबिमटा काढलात की काय, काका?" किती तरी दिवसांनी म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली.

"काढला असेल," तो म्हणाला.

मग काय! बाजारभर झालं. फुंग शेठलाही ते सोयीचं होतं, त्याने नुसती मान हलवली. जिन्यात बायका मराइकेला शुकशुक करू लागल्या, पोरं चिमट्याची खूण करू लागली. परीक्षा न देताच ती हॉलंडला परत गेली. काकाला काम मिळालं नाही ते नाहीच. कंगाल म्हातारे राहतात तसल्या जाळीच्या पिंजऱ्यातली खाट भाड्याने घेऊन तो पडून राहिला आणि पुढच्या थंडीत तिथेच मेला.

याऊ काकाने त्या पोरीला कधी बोटही लावलं नव्हतं. तो म्हातारा झाला होता, म्हणून त्याला काढलं.